माळ्यावरचा स्पेक्ट्रम पुन्हा सुरू करायचाय? जुना अडॅप्टर लावण्याआधी हे वाचा

साताऱ्यातल्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर किंवा सांगलीतल्या कपाटात कधी कधी एक काळा कीबोर्ड सापडतो. तो नुसता कीबोर्ड नसतो, अख्खा कॉम्प्युटर असतो. ब्रिटनमध्ये १९८२ साली आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम भारतात डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम’ नावाने विकला. घरच्या टीव्हीला जोडून चालणारा आणि कॅसेटवरून प्रोग्रॅम वाचणारा हा कॉम्प्युटर अनेकांचा पहिला कॉम्प्युटर ठरला.

आज तो हाती लागला की पहिला मोह होतो तो जुना अडॅप्टर लावून बघण्याचा. तिथेच थांबा.

जुना अडॅप्टर का नको?

मूळ अडॅप्टरवर ९ व्होल्ट, १.४ अँपिअर असे लिहिलेले असते. त्यात ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर एवढेच असते. व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग नसतो. त्यामुळे लोड नसताना तो १२ व्होल्टच्याही वर जातो आणि घरातली वीज वर-खाली झाली की त्याचेही व्होल्टेज हलते. शिवाय इतक्या वर्षांत कपॅसिटर सुकतात, वायरचे आवरण तडकते. साताऱ्याच्या पश्चिम भागातल्या पावसाळी ओलीने गंज चढतो. सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराचे पाणी अनेक घरांत शिरले. पुरात भिजलेला अडॅप्टर वाळवून वापरणे जिवावर बेतू शकते.

नवा कोणता घ्यावा?

९ व्होल्ट डीसी, २ अँपिअरचा एसएमपीएस अडॅप्टर काही शे रुपयांत मिळतो. त्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. २ अँपिअर जास्त होतील ही भीती नको, कॉम्प्युटर लागेल तेवढाच करंट घेतो. व्होल्टेज मात्र नेमके हवे. म्हणून वाय-फाय राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर चालणार नाही.

याचा आणखी एक फायदा आहे. स्पेक्ट्रममधली ७८०५ ही रेग्युलेटर चिप ५ व्होल्ट देते आणि वरचे व्होल्टेज उष्णता म्हणून जाळते. समजा ०.८ अँपिअर करंट आहे. १२ व्होल्टवर (१२ − ५) × ०.८ म्हणजे ५.६ वॅट उष्णता होते, ९ व्होल्टवर ३.२ वॅट. कॉम्प्युटर तेवढा कमी तापतो.

खरी गोम: उलटी पिन

बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरच्या पिनेत आतला भाग प्लस असतो. स्पेक्ट्रमला आत मायनस आणि बाहेर प्लस लागतो. पिन बरोबर बसते, पण जोडणी उलटी होते आणि आतले ट्रान्झिस्टर व मेमरी चिप जळू शकतात.

उपाय सोपा आहे:

१. अडॅप्टर बोर्डातून काढा. पिनेपासून वीतभर अंतरावर वायर कापा.
२. दोन्ही तारा अदलाबदल करून सोल्डर करा. प्रत्येक जोडावर वेगळी हीट श्रिंक नळी चढवा.
३. अडॅप्टर सुरू करा, पण कॉम्प्युटरला जोडू नका. मल्टिमीटरची लाल तार पिनेच्या बाहेरच्या भागाला, काळी आतल्या भागाला लावा. साधारण ९ दिसायला हवे. आकड्याआधी वजा चिन्ह आले तर जोडणी अजून उलटीच आहे.

अडॅप्टरचा डबा उघडायची गरज नाही, उघडूही नये. सोल्डरिंग जमत नसेल तर टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे हे काही मिनिटांचे काम आहे.

सगळ्यांना हाच उपाय नाही

कमोडोर ६४ ला ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी असे दोन पुरवठे लागतात. स्पेक्ट्रमच्याच नंतरच्या प्लस थ्री मॉडेलची गरजही वेगळी आहे. म्हणून आधी यंत्रामागचे लेबल वाचा.

सगळे जमले तर पडदा पांढरा होऊन खाली १९८२ सालची कॉपीराइटची ओळ दिसते. नुसत्या रेघा-चौकोन दिसले तर लगेच बंद करा, बहुधा मेमरीत बिघाड आहे. स्पेक्ट्रममधली यूएलए ही खास चिप आता बनत नाही. अडॅप्टर पुन्हा आणता येईल, ती चिप नव्याने मिळणार नाही. म्हणून आधी मल्टिमीटर, मगच कॉम्प्युटर.