सुक्या मासळीत निळा-हिरवा किडा दिसला? मारण्याआधी ओळखा, घरात विषारी गोळ्या नकोत

धडगाव : बाजारातून आणलेली सुकट, बोंबील असोत की नर्मदेतून धरून घरी सुकवलेली मासळी, पावसाळ्यात डबा उघडला की कधी कधी चकाकणारे किडे पळताना दिसतात. सगळे किडे सारखे नसतात. कोणता आहे ते कळलं, तर उपाय सोपा होतो.

निळा-हिरवा, लाल पायांचा
हा साधारण तांदळाच्या दाण्याएवढा, ४ ते ५ मिलिमीटरचा. पाठ धातूसारखी चकाकते, पाय तांबूस. चपळ पळतो आणि उडतोही. शास्त्रीय नाव नेक्रोबिया रुफिपेस. सुक्या खोबऱ्यातही तो सापडतो. याच्या कुळातल्या बऱ्याच भुंगेऱ्यांच्या अंगावर चौकडीसारखे रंगीत पट्टे असतात, याच्या अंगावर मात्र नाहीत. त्यामुळे पट्टे शोधू नका, पाय बघा. याचा एक भाऊबंद आहे, त्याचे खांदे लाल असतात. दुसऱ्या एकाचे पाय काळपट असतात.

काळा-तपकिरी, पोट पांढरं
हा वेगळा. आकाराने मोठा, १० मिलिमीटरपर्यंत. रंग काळपट, पोटाखाली पांढरं. याची अळी केसाळ असते. डब्यात केसाळ कातीचा कचरा पडला असेल, तर काम याचंच समजा. सुकी मासळी पोखरून सर्वात जास्त नासाडी हाच करतो.

निळा किडा मासळी खातो, पण माशीच्या आणि या काळ्या किड्याच्या अळ्याही खातो. म्हणून त्याला मित्र समजू नका. तो दिसला म्हणजे माल ओलसर राहिला किंवा डबा उघडा राहिला, एवढं ओळखा.

काय करावं?
• मासळी झटकून कडक उन्हात पातळ पसरा, वरून जाळी टाका.
• पूर्ण थंड झाल्यावरच घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा.
• जुना माल नव्यात मिसळू नका. डब्याच्या कडा, फटी पुसून घ्या, अळ्या तिथेच कोष करतात.
• कुबट वास येत असेल किंवा बुरशी असेल, तर फेकून द्या.

हे अजिबात करू नका
शेतातली फवारणीची औषधं मासळीवर मारू नका. धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या तर घरात नकोतच. ओल लागली की त्यातून विषारी वायू निघतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव जाऊ शकतो.

किडा ओळखल्याने जीव वाचल्याचीही एक गोष्ट आहे. फ्रेंच क्रांतीत बोर्दोच्या तुरुंगात असलेल्या पियेर लात्रेय यांना कोठडीत लाल खांद्याचा भाऊबंद सापडला. त्यांचं किड्यांचं ज्ञान पाहून ओळखीपाळखीतून त्यांची सुटका झाली. पुढे ते नामवंत कीटकशास्त्रज्ञ झाले.

ओळख पटत नसेल तर उजेडात पायांचा जवळून फोटो काढा आणि कृषी सहायकांना दाखवा.