वाढीव फुटांचा हिशेब

कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, पुण्याच्या या भागांत कुठल्याही गल्लीत शिरा, एखादी तरी इमारत हिरव्या जाळीत गुंडाळलेली आणि भोवती पत्रे ठोकलेली हमखास दिसते. या इमारती तशा फार जुन्या नाहीत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पेठांतले वाडे सोडून जी कुटुंबे इकडे आली, त्यांनी प्रॉव्हिडंट फंड काढून, पतपेढीचे कर्ज घेऊन, क्वचित बायकोच्या पाटल्या मोडून हे ब्लॉक घेतले. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. पस्तिशीतल्या माणसाला तेव्हा जिन्याचे काही वाटत नव्हते. आज तो पंचाहत्तरीच्या पुढे गेला आहे आणि जिना होता तेवढाच आहे. पुनर्विकास हा शब्द या पिढीला गोड वाटतो, त्याचे पहिले कारण लिफ्ट हे आहे, पैसा नंतर.

बिल्डरचे कारण अर्थातच जमीन. गावाच्या मध्यभागी मोकळे भूखंड उरलेले नाहीत आणि जुन्या इमारतींच्या काळात मान्य होते त्याहून अधिक बांधकाम आता करता येते. मुंबई आणि काही भाग वगळून राज्यभरासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित नियमावली आली; मार्च २०२२ मध्ये वनाजपासून गरवारे कॉलेजपर्यंत मेट्रो धावू लागली. जुन्या सभासदांना नवी घरे बांधून द्यायची, वर थोडी जागा वाढवून द्यायची आणि उरलेले फ्लॅट बाजारभावाने विकायचे, असा हा व्यवहार. विक्रीचा भाव चढा, भूखंड ऐसपैस आणि समोरचा रस्ता रुंद असेल तरच तो जमतो. नऊ मीटरपेक्षा अरुंद गल्लीत टीडीआरची वाट बंद होते. तेव्हा ‘त्यांना तीस टक्के जास्त मिळाले, आम्हाला वीसच का?’ या प्रश्नाचे उत्तर बिल्डरच्या लबाडीपेक्षा पुष्कळदा रस्त्याच्या रुंदीत असते.

बँकेत असताना गृहकर्जाच्या फायली माझ्या टेबलावरून जात. सही कुठे करायची ते कळावे म्हणून आम्ही पेन्सिलीने फुली मारून ठेवत असू. शंभरातले नव्वद लोक फुल्या शोधत पाने उलटत. वाचत कोणी नसे. पुनर्विकासाच्या सभांना मी आता शेजारधर्म म्हणून जाऊन बसतो आणि तीच माणसे, केस पांढरे झालेली, तशाच फुल्या शोधताना दिसतात. सभेत चर्चा काय, तर किती फूट वाढवून देणार आणि मार्बल की व्हिट्रिफाइड!

जमीन कोणाच्या नावावर आहे, हे कोणी विचारत नाही. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. प्रत्यक्षात चाळीस-चाळीस वर्षे ते झालेले नाही. बिल्डर वारला, त्याची भागीदारी मोडली, मूळ जमीनमालकाचे वारस पाचाचे पंचवीस झाले. अशा सोसायट्यांसाठी २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. लोक त्याला ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ म्हणतात. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागतो. बिल्डरची सही लागत नाही. नवा बिल्डर ‘ते आम्ही बघून घेतो’ असे म्हणाला तर नम्रपणे नको म्हणावे. कन्व्हेयन्स आपण करून घेतला तर घासाघीस करताना आपण जमिनीचे मालक म्हणून बसतो; त्याने केला तर त्याचे उपकार घेऊन.

पुण्यात आणखी एक खुबी आहे. इथे अनेक इमारती सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखालचे ‘अपार्टमेंट’ आहेत. पाटीवर काहीही लिहिलेले असो, आपल्याकडे शेअर सर्टिफिकेट आहे की डीड ऑफ अपार्टमेंट, ते कपाटातून काढून बघावे. सोसायटीच्या पुनर्विकासाची शासकीय नियमावली (४ जुलै २०१९ ची सुधारित) म्हणते की, सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती हवी. अपार्टमेंटचा कायदा वेगळा. शेजारच्या सोसायटीत काय ठरले ते तिथे चालेलच असे नाही.

त्याच नियमावलीत प्रकल्पखर्चाच्या वीस टक्के रकमेची बँक गॅरंटी बिल्डरने द्यावी, असे आहे. ती मागितली की बिल्डरचा चेहरा पडतो आणि ‘त्याऐवजी दोन फ्लॅट तारण ठेवतो’ अशी बोली निघते. माझ्यातला जुना अधिकारी इथे जागा होतो. अजून न बांधलेला फ्लॅट हे कसले तारण? आणि गॅरंटी मिळालीच तर तिची मुदत बघा. काम तीन वर्षांचे आणि गॅरंटी बारा महिन्यांची असेल, तर तेराव्या महिन्यात तो नुसता कागद असतो.

करारात ‘अंदाजे’, ‘शक्यतो’, ‘परिस्थितीनुसार’ हे शब्द दिसले की तांबडी पेन्सिल घ्यावी. कादंबरीत हे शब्द मी सर्रास वापरतो, तिथे ते शोभतात. क्षेत्रफळ कार्पेटमध्येच लिहून घ्यावे. बिल्ट-अप, सेलेबल वगैरे फुटांवर सतरंजी पसरता येत नाही. रेरा आहे ना, असे म्हणून निश्चिंतही राहू नये. २०१७ पासून पूर्णपणे अंमलात आलेला तो कायदा मुख्यतः नव्या खरेदीदारासाठी आहे. जुन्या सभासदाची खरी ढाल म्हणजे त्याच्या स्वतःच्या नावाचा, नोंदणी केलेला पर्यायी जागेचा करार. घर रिकामे करण्याआधी तो हातात हवा.

मधली वर्षे भाड्याच्या घरातली. अकरा महिन्यांचा करार संपला की पुन्हा बोचकी बांधायची, पुन्हा दलालाला एक भाडे. तेव्हा दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च एकदाच नव्हे, दर वेळी मिळेल असे लिहून घ्यावे. भाड्यात दरवर्षीची वाढही धरावी, कारण एकाच गल्लीतल्या तीन इमारती एकदम पाडल्या की आसपासची भाडी चढतात. आमच्या शेजारच्या काकूंना याच कारणाने वाकड गाठावे लागले. पंचेचाळीस वर्षांचे डॉक्टर, वाणी आणि देवळातली भजनाची मंडळी सुटली. या नुकसानीला करारात कलम नसते.

नव्या घराचा महिन्याचा खर्च सभेत सर्वांत शेवटी निघतो, तो आधी मांडावा. आज समजा सहाशे रुपये देता. नव्या बारा मजली इमारतीत दोन लिफ्ट, जनरेटर, यांत्रिक पार्किंग, पहारेकरी, पंप. फुटाला चार रुपये धरले आणि घर नऊशे फुटांचे असेल तर महिना तीन हजार सहाशे. बिल्डरने पाच लाखांचा कॉर्पस दिला, तो सात टक्क्यांनी ठेवला, तर महिना सुमारे दोन हजार नऊशे व्याज. म्हणजे सातशे रुपये दरमहा पेन्शनमधून, आणि मेन्टेनन्स दरवर्षी वाढणार, व्याज वाढेलच असे नाही. म्हणून मला असे वाटते की, दोघेच राहणाऱ्या वृद्धांनी शंभर फूट कमी घ्यावेत आणि कॉर्पस वाढवून मागावा. मुले अमेरिकेत असताना तिसरी बेडरूम झाडायला कोण येणार?

घर मिळाल्यावर महापालिकेच्या मिळकतकरातील स्वतः राहणाऱ्यांची चाळीस टक्के सवलत नव्या मिळकतीला लागली आहे ना, हे तपासावे. न लागल्यास अर्ज करावा. नॉमिनेशन नव्याने भरावे, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हेही घरात सांगून ठेवावे. आणि मृत्युपत्र केलेले असेल तर ते काढून वाचावे. त्यात बहुधा ‘दुसरा मजला, ब्लॉक नंबर सात’ असे लिहिलेले असते, आणि तो ब्लॉक आता जगात नसतो.