आयव्ही-पर्णी जिरेनियम : टांगत्या कुंडीतील लागवड आणि तिच्यामागील वनस्पतिशास्त्र

प्रस्तावना

स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियातील टायरोल आणि जर्मनीतील बव्हेरिया या आल्प्सलगतच्या प्रदेशांतील लाकडी सज्जे उन्हाळ्यात लाल, गुलाबी व जांभळ्या फुलांनी झाकून जातात. दिनदर्शिकांवरील छायाचित्रांमुळे हे दृश्य भारतीय वाचकासही अपरिचित नाही. सज्जावरून खाली ओघळणारी ही वनस्पती आल्प्समधीलच असावी, असा समज सहज होतो. वस्तुतः तिचे मूळ स्थान दक्षिण आफ्रिकेचा केप प्रदेश हे आहे. तेथे किनाऱ्यालगतच्या झुडपांवर रेलून ती वाढते, आणि कोरड्या काळात तग धरण्यासाठी पाने व देठ यांत पाणी साठवून ठेवते. ही एक गोष्ट लक्षात घेतली, तर कुंडीतील तिच्या संगोपनाचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात. ती लक्षात न घेतल्याने हौशी बागकामात ही रोपे मरतात, आणि ती प्रायः दुर्लक्षामुळे नव्हे तर अतिकाळजीमुळे मरतात. प्रस्तुत लेखात या नियमांची कारणमीमांसा करण्याचा प्रयत्न आहे.

नावाचा घोळ

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव पेलार्गोनियम पेल्टाटम. केपचा डच गव्हर्नर विलेम अड्रियान व्हान डर स्टेल याने १७०० मध्ये ती हॉलंडला पाठविली. लिनिअसने १७५३ मध्ये तिचा समावेश जिरेनियम या प्रजातीत केला. पुढे १७८९ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए याने पेलार्गोनियम ही प्रजाती वेगळी काढली. परंतु तोवर बागायतदारांच्या जिभेवर जुने नाव रुळले होते, आणि ते आजतागायत टिकून आहे. ग्रीक भाषेत 'गेरानोस' म्हणजे क्रौंच व 'पेलार्गोस' म्हणजे बलाक. दोन्ही नावांचा संबंध चोचीसारख्या लांबट फळाशी आहे. खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या असतात, तर पेलार्गोनियममध्ये वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींहून वेगळ्या दिसतात.

'पेल्टाटम' म्हणजे ढालीसारखे. पानाचा देठ कडेला न जुळता पात्याच्या पोटाशी जुळतो. कमळाचे वा एरंडाचे पान आठवले म्हणजे ही रचना ध्यानात येते. पाने मांसल, तकतकीत आणि चवीला आंबट असतात. आफ्रिकान्स भाषेतील 'कोलसुरिंग' हे तिचे नाव या आंबटपणावरूनच पडले आहे. पानांच्या आकारातील साम्यामुळे इंग्रजांनी तिला आयव्हीचे नाव जोडले खरे, मात्र आयव्हीप्रमाणे भिंतीला चिकटणारी मुळे तिला नसतात. आधार मिळाला तर ती रेलते, न मिळाल्यास लोंबते. टांगत्या कुंडीसाठी ती योग्य ठरते ती यामुळेच.

येथे आणखी एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात अलीकडे सुगंधी तेलासाठी जे 'जिरेनियम' शेतात लावले जाते, ते याच प्रजातीतील परंतु निराळ्या जातीचे, सुवासिक पानांचे झुडूप आहे. रोपवाटिकेत केवळ 'जिरेनियम' असे मागणाऱ्यास कोणते रोप मिळेल, याची खात्री देता येत नाही.

पाणी आणि फोडांचा विकार

आयव्ही-पर्णी जिरेनियमची सर्वांत मोठी तक्रार म्हणजे ईडिमा. पानांच्या खालच्या बाजूस प्रथम पाणीदार पुटकुळ्या येतात. नंतर त्या फुटून त्यांच्या जागी बुचासारख्या खरखरीत तपकिरी खपल्या उरतात, आणि अखेरीस पान पिवळे पडून गळते. पाहणाऱ्यास हा बुरशीचा वा तांबेऱ्याचा प्रादुर्भाव वाटतो व तो औषध फवारतो. प्रत्यक्षात हा रोग नसून शरीरक्रियेतील असंतुलन आहे. माती ओली व उबदार, तर हवा दमट, ढगाळ व स्थिर असली की मुळे पाणी शोषीत राहतात; पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन मात्र मंदावते. साठलेल्या पाण्याच्या दाबाने पेशी फुगतात आणि फुटतात. अशा वेळी बुरशीनाशकाचा काडीचाही उपयोग नसतो. पाणी कमी करणे, ते सायंकाळऐवजी सकाळी देणे, प्रकाश व वारा वाढविणे एवढाच उपाय आहे. झालेले व्रण भरून येत नाहीत, नवी पाने निरोगी आली म्हणजे उपाय लागू पडला असे समजावे. (तांबेऱ्याचा संशय येथे बहुधा अनाठायीच असतो. तो रोग मुख्यतः उभ्या वाढणाऱ्या, पानांवर पट्टा असलेल्या जिरेनियमला होतो. आयव्ही-पर्णी जातीत त्यास बरीच प्रतिकारशक्ती आहे.)

कुंडीतील पाण्याचे वर्तन जमिनीतील पाण्याहून वेगळे असते. भांडी घासण्याचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरावा. ठिबकणे थांबले की तोच उभा धरावा. आणखी पाणी गळू लागते. म्हणजे माध्यमाची उंची जितकी कमी, तितका त्याचा मोठा हिस्सा ओलाच राहतो. कुंडीच्या तळाशी केशाकर्षणामुळे संपृक्त थर शिल्लक राहतो, आणि उथळ टांगत्या कुंडीत तो मुळांच्या अगदी निकट येतो. तळाशी खडे वा खापऱ्या घालण्याची आपल्याकडील रूढ पद्धत हा थर घालवीत नाही, उलट त्यास वर ढकलते. भोक बुजू नये म्हणून एखादी खापरी ठेवण्यास हरकत नाही. निचऱ्यासाठी मात्र संपूर्ण मिश्रणच भरड हवे. धुतलेले कोकोपीट दोन भाग, पर्लाईट एक भाग व चांगले कुजलेले खत एक भाग हे प्रमाण समाधानकारक ठरते. कोकोपीट धुणे टाळू नये, कारण त्यात क्षार असतात. प्लॅस्टिकच्या शिंकाळ्याला खाली जोडलेली बशी ही आणखी एक अडचण. तिच्यात साचलेले पाणी ओतून द्यावे किंवा बशीच काढून टाकावी.

मिश्रणाचा सामू ५.५ ते ६.० असावा. तो वाढल्यास मुळांना लोह मिळेनासे होते आणि शेंड्याकडील कोवळी पाने फिकट पडतात. दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी विहिरींचे व बोअरवेलचे पाणी जड असल्याने ही अडचण येथे विशेष संभवते. साठविलेले पावसाचे पाणी अधिक चांगले.

सुमारे २५ सें.मी. व्यासाच्या कुंडीत तीन ते चार रोपे पुरतात. सुरुवातीस शेंडे खुडल्यास फांद्या फुटून कुंडी भरून येते. कुंडी हलकेच उचलून वजनावरून पाण्याची गरज ओळखावी. काथ्याच्या अस्तराची तारेची टोपली सर्व बाजूंनी सुकते, तेव्हा वाऱ्याच्या दिवसांत तिला अधिक वेळा पाणी लागेल, हे ओघाने आलेच. एकेरी फुलांच्या जातींच्या पाकळ्या आपोआप गळून जातात. दुहेरी फुले पावसात कुजतात आणि ती हाताने खुडावी लागतात.

रोगवाहक रोप आणि जागतिक व्यापार

झँथोमोनस जिवाणूमुळे होणारा करपा पट्ट्याच्या जिरेनियमला कोमेजून टाकतो. आयव्ही-पर्णी रोपात मात्र त्याची लक्षणे पुष्कळदा अस्पष्ट राहतात, त्यामुळे ते निरोगी भासत असतानाच रोग वाहून नेते. म्हणून त्याची टांगती कुंडी पट्ट्याच्या जिरेनियमवर लटकवू नये. वरून ठिबकणारे पाणीच संसर्गाचे वाहन होते.

या बाबीस घरगुती बागेपलीकडेही महत्त्व आहे. युरोप-अमेरिकेतील सज्जांवर झुलणारी असंख्य रोपे केनिया, इथिओपिया, ग्वाटेमाला यांसारख्या देशांत छाटलेल्या फाट्यांपासून तयार होतात. एका मातृवृक्षाची सर्व संतती जनुकीयदृष्ट्या एकसारखी असते, आणि संसर्ग असल्यास तोही तिच्याबरोबर प्रवास करतो. २००३ मध्ये केनियातून अमेरिकेत गेलेल्या फाट्यांत राल्स्टोनिया सोलानासिअरम या जिवाणूचा, बटाट्यावर तपकिरी कुज आणणारा प्रकार आढळला. २०२० मध्ये ग्वाटेमालातून गेलेल्या रोपांत तो पुन्हा सापडला, आणि ४० हून अधिक राज्यांतील हरितगृहांचा माग काढावा लागला. अमेरिकी कायद्याने या जिवाणूस कृषी-जैवसुरक्षेच्या दृष्टीने धोकादायक घटकांच्या यादीत ठेवले असल्याने बाधित रोपे नष्ट करण्याखेरीज गत्यंतर नव्हते. शोभेच्या फुलातून अन्नपिकास धोका पोचू शकतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

महाराष्ट्रातील शक्यता

आल्प्समधील हंगाम येथे उलटा करावा लागतो. पुणे, नाशिकसारख्या ठिकाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेली रोपे हिवाळ्यात बहरतात. पारा ३० अंशांपलीकडे गेला की फुलणे मंदावते, म्हणून मार्चपासून दुपारच्या उन्हापासून आडोसा द्यावा. खरी कसोटी पावसाळ्याची. त्या दिवसांत कुंडी छपराखाली, वाहत्या हवेत ठेवावी आणि मिश्रणाचा वरचा थर सुकल्याशिवाय पाणी देऊ नये. तरीही मूळ रोप जगेलच असे नाही. यास्तव फेब्रुवारीतच सात-आठ सें.मी. लांबीचे, फुले नसलेले फाटे घ्यावेत, जखम काही तास सुकू द्यावी आणि भरड मिश्रणात लावावेत. अन्य कलमांप्रमाणे त्यांवर प्लॅस्टिकची पिशवी झाकू नये. हे फाटे दमट कोंडीत कुजतात. तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात, आणि ही लहान रोपे पावसाळ्यात खिडकीच्या आतील कठड्यावरही सांभाळता येतात.