घरकोंबड्या स्विचची किंमत किती?

निन्टेंडो कंपनीचा ‘स्विच’ हा गेम कन्सोल ३ मार्च २०१७ रोजी बाजारात आला. तेव्हाची किंमत ३०० डॉलर. हातात धरून खेळा, नाहीतर डॉकमध्ये खोचून टीव्हीवर. सप्टेंबर २०१९मध्ये नुसता हातात खेळायचा ‘स्विच लाइट’ २०० डॉलरला आला. नुसता टीव्हीवर खेळायचा, घर न सोडणारा स्विच मात्र कंपनीने काढलाच नाही. काढला असता तर केवढ्याला विकला असता?

डॉककडे नीट बघा. खाचेच्या तळाशी एक बारीक यूएसबी-सी पिन, मागच्या झाकणाआड वीज, यूएसबी आणि एचडीएमआयची तोंडं. बाकी बराचसा डबा पोकळ प्लास्टिकचा! चिप, मेमरी, पंखा, सगळं त्या हातातल्या पाटीत. तरी सुट्या डॉक-सेटला ९० डॉलर मोजावे लागत, ‘जॉय-कॉन’ कंट्रोलरच्या जोडीला ८०. बेरीज १७०. लाइटमधून डॉक गेला, सुटे होणारे जॉय-कॉन गेले, स्क्रीनही ६.२ इंचांवरून ५.५ इंचांवर आली, पण किंमत उतरली १००नेच. तेव्हा सुट्या भागांचे भाव वजा करत बसलात तर हिशेब हमखास चुकणार.

त्यापेक्षा सोनीचा दाखला घ्या. खिशातल्या ‘व्हिटा’ कन्सोलची स्क्रीन आणि बॅटरी काढून सोनीने नोव्हेंबर २०१३मध्ये जपानात ‘व्हिटा टीव्ही’ आणला. पत्त्यांच्या कॅटाएवढी डबी, किंमत करासह ९,९५४ येन. त्याच वर्षीचा नवा व्हिटा १९,९२९ येनचा. जवळजवळ निम्मी! कंट्रोलर मात्र वेगळा घ्यायचा. शिवाय टचस्क्रीनवर बेतलेले कितीतरी गेम त्यावर चालेनात, आणि माझ्या मते तिथेच तो मार खाऊन गेला.

दुसरा दाखला आणखी जवळचा. स्विचमध्ये एनव्हिडियाची टेग्रा एक्स-१ चिप आहे. तीच चिप घालून एनव्हिडियाने २०१५मध्येच ‘शील्ड’ हा टीव्हीला जोडायचा डबा विकला होता. ना स्क्रीन, ना बॅटरी. कंट्रोलरसह २०० डॉलर. स्विचचे निम्मे १५० धरा, त्यात स्विचच्या प्रो कंट्रोलरचे तेव्हाचे ७० मिळवा, झाले २२०. दोन्ही वाटांनी आपण लाइटच्याच दाराशी येऊन पोचतो. त्याच पैशात स्क्रीन आणि बॅटरीवालं यंत्र मिळत असताना हा डबा कोण घेणार?

भारतात त्यावर कराची फोडणी. २०१८च्या अर्थसंकल्पाने व्हिडिओ गेम कन्सोलवरचं सीमाशुल्क १०वरून २० टक्क्यांवर नेलं. त्यावर अधिभार आणि २०१९पासूनचा १८ टक्के जीएसटी धरला, की बाहेरून आणलेला १०० रुपयांचा माल १४४ रुपयांना पडे. म्हणजे २०० डॉलरचा डबा तेव्हाच्या भावाने २० हजारांच्या घरात, दुकानदाराचा नफा वेगळा.

आता हा डबा घेऊन तोरणमाळला चला. शहाद्याहून सातपुड्याचा वळणावळणाचा घाट चढून हजार मीटरच्या वर. पावसाळ्यात वारा सुटला, फांदी तारेवर आली, वीज गेली की टीव्ही आणि डबा दोन्ही गप्प. स्विच लाइट मात्र एका चार्जवर ३ ते ७ तास चालतो, पॉवर बँकेवरही चार्ज होतो, आणि तिथला यशवंत तलाव बघून सीताखाईकडे निघालेल्या गाडीत मागच्या सीटवरच्या पोरांना गुंतवून ठेवतो. रेंज नसली तरी गेम-कार्डावरचे बरेच गेम बिनइंटरनेटचे सुरू होतात.

इथे स्क्रीन आणि बॅटरीलाच खरी किंमत आहे. म्हणून माझा भाव ठरलेला: कंट्रोलर आत धरून १५० डॉलर. त्यावर एक डॉलरही मागितला तर सरळ लाइट घ्यावा.