दोष कोणाचा ?

मूल वर्षाचें झालें तरी बसत नाहीं, तीन वर्षांचें झालें तरी बोलत नाहीं, मधूनच त्यास झटके येतात. अशा वेळीं पुष्कळ घरांतून कारणांचा शोध सुरू होतो आणि तो सुनेपाशीं येऊन थांबतो. ग्रहणांत तिनें कांहीं चिरलें काय, डोहाळे अपुरे राहिले काय, पत्रिकेंत एकनाड होती काय ! सुशिक्षित म्हणविणारीं घरेंही यास अपवाद नाहींत. म्हणून अशा कांहीं विकारांचें शास्त्रास उमगलेलें एक कारण आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

मेंदूंतील एक पेशी दुसरीस निरोप धाडते, तो बहुधा रसायनाच्या रूपानें. तो निरोप घेणारीं प्रथिनांचीं द्वारें पेशीवर असतात. त्यांस रिसेप्टर म्हणतात. त्यांपैकीं 'एनएमडीए' नांवाचें द्वार शिकण्याच्या व स्मरणाच्या कामीं महत्त्वाचें. त्यास ग्लूटामेट व ग्लायसीन अशा दोन किल्ल्या लागतात. शिवाय मॅग्नेशियमचा कण तेथें अडसरासारखा बसलेला असतो. पेशी पुरेशी उत्तेजित झाली म्हणजे तो सरतो व कॅल्शियम आंत शिरतें. हें द्वार चार तुकड्यांचें असून ते घडविण्याची कृति 'ग्रिन' जनुकांत नोंदलेली असते.

'ग्रिन २ ए' व 'ग्रिन २ बी' या जनुकांतील बदलांमुळें बुद्धीची वाढ खुंटते व अपस्मार जडतो, असें २०१० सालीं एंडेले व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकांत दाखविलें. एका अक्षराचा फरकही पुरतो. त्यानें द्वार कधीं पुरतें उघडत नाहीं, तर कधीं वाजवीपेक्षां अधिक उघडें राहतें.

आतां मुख्य मुद्दा. 'ग्रिन २ ए' मधील बदल कधीं कधीं आईकडून वा बापाकडून आलेला असतो. परंतु 'ग्रिन २ बी' च्या बहुतेक मुलांत तो मातापित्यांच्या रक्तांत सांपडतच नाहीं. तो नव्यानें उपजलेला असतो. असे साठ-सत्तर नवे बदल घेऊन प्रत्येक मनुष्य जन्मतो; त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. आणि त्यांपैकीं अधिक बदल पित्याच्या बीजांतून येतात, कारण पुरुषबीज आयुष्यभर घडत असतें व प्रत्येक नकलेंत चूक होण्याचा संभव असतो. यांत पित्याचा अपराध नाहीं; मग मातेचा कोठून असणार ?

कर्तव्य तें निराळेंच आहे. तज्ज्ञाच्या सल्ल्यानें मूल, आई व बाप या तिघांची जनुक-तपासणी करावी. बदल नवा ठरला तर पुढील अपत्यास धोका थोडा, पण अगदींच शून्य नव्हे. कारण तो आईबापांपैकीं एकाच्या कांहीं बीजांत लपलेला असूं शकतो. बदलाची दिशाही कळली पाहिजे. द्वार फार उघडें राहणाऱ्या एका मुलास मेमँटीन हें औषध दिल्यावर झटके कमी झाल्याची नोंद २०१४ सालीं प्रसिद्ध झाली. उलट दिशेच्या बदलास तेंच औषध उपयोगी पडेल असें नाहीं. मूळ बदल पुसून टाकणारा उपाय अद्याप हातीं नाहीं. परंतु वाचा, हालचाल व शिक्षण यांचे उपचार लवकर सुरू केल्यास मुलास आधार मिळतो. सुनेस बोल लावण्यांत गेलेला प्रत्येक महिना त्या मुलाच्या शिकण्याच्या वयांतून वजा होतो, हें घरांतील वडील माणसांनीं ध्यानांत घ्यावें.