शेजारच्या फोनचे गणित

घरात एखादी जुनी लग्नपत्रिका सापडली, तर तिच्यावरचा दूरध्वनी क्रमांक नीट पाहा. क्रमांकाजवळ ‘पी. पी.’ अशी अक्षरे असली, तर तो फोन त्या घरचा नव्हे, शेजारचा आहे असे समजावे. फोन आला की शेजारचा मुलगा धावत येई, “काका, पुण्याहून फोन आहे, लवकर चला!” उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातच नव्हे, तर साऱ्या महाराष्ट्रात एका फोनवर अनेक घरांची अशी सोय होत असे.

एक लाइन अनेकांनी वाटून घेण्याच्या या व्यवहारामागे मोठे गणित आहे. तेच गणित इंटरनेटवरील दूरध्वनीलाही लागू पडते. ते कसे, हे आज पाहू.

रिकाम्या लाइनीचा हिशेब

समजा, एका घरात दिवसातून अर्धा तास फोनवर बोलणे होते. दिवसाची मिनिटे १४४०. त्यांपैकी १४१० मिनिटे लाइन रिकामीच. मग प्रत्येक फोनसाठी बाहेरगावापर्यंत स्वतंत्र मार्ग कशाला हवा? पण मग मार्ग ठेवावेत तरी किती? कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती ए. के. एर्लांग यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. त्यांचा पहिला निबंध १९०९ साली प्रसिद्ध झाला.

त्यांच्या सूत्राने एक उदाहरण सोडवू. गावात १०० फोन आहेत. गर्दीच्या तासात प्रत्येकावरून सरासरी ३ मिनिटे बाहेरगावी बोलणे होते. एकूण ३०० मिनिटे, म्हणजे ५ लाइनी तासभर भरून वाहतील एवढे काम. पण ५ च लाइनी ठेवल्या, तर शंभरातील सुमारे २८ कॉल लागणारच नाहीत. कारण लोक काही रांग लावून एकामागून एक फोन करीत नाहीत. लाइनी १० केल्या, तर मात्र शंभरातले जेमतेम २ कॉल अडतात. म्हणजे १०० फोनांना १० मार्ग पुरतात!

आपल्याकडे सी-डॉट या संस्थेने खेड्यांसाठी बनवलेले १२८ जोडण्यांचे पहिले स्वयंचलित केंद्र १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. मार्ग थोडे आणि बोलणारे पुष्कळ, हेच तत्त्व अशा केंद्रांमागे असते.

आवाजाची पाकिटे

जुन्या पद्धतीत कॉल चालू असेपर्यंत तो मार्ग तुमच्यासाठीच अडून राही, मग तुम्ही गप्प का बसलेले असेनात! इंटरनेटवर तसे नसते. दूरध्वनीवर आवाजातील सुमारे ३४०० हर्ट्झपर्यंतची कंपने पाठवली तरी बोलणे स्पष्ट समजते. ती टिपण्यासाठी मोजणी त्यांच्या दुपटीहून अधिक वेळा करावी लागते. म्हणून सेकंदाला ८००० मोजण्या करतात. प्रत्येक मोजणी ८ बिटांत लिहिली की सेकंदाला ६४,००० बिट होतात. २० मिलिसेकंदांचा आवाज, म्हणजे १६० बाइट, एका पाकिटात भरतात आणि पाकिटावर पत्ता घालतात. एकाच तारेतून अनेकांची पाकिटे एकामागून एक धावतात.

ही पाकिटे फार रेंगाळून मात्र चालत नाही. एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला, तर बोलणे सहज वाटते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. १३,००० किलोमीटरला ६५ मिलिसेकंद लागतात. उरलेल्या वेळात वाटेवरची सारी थांबण्याची ठिकाणे उरकावी लागतात.

संगणकांचे शेजारपण

पत्ता कळला की दोन संगणक एकमेकांना थेट पाकिटे पाठवू शकतात. पण पत्ता सांगणार कोण? २००३ साली सुरू झालेल्या ‘स्काइप’ने हे काम वापरणाऱ्यांच्याच काही संगणकांवर सोपवले होते. अमेरिकेतील जेफ पुल्व्हर यांच्या २००५ सालच्या ‘बेलस्टर’ योजनेत तर सभासद आपली घरची लाइनच वाटून घेत. दूरचा आवाज इंटरनेटवरून सभासदाच्या घरी यायचा आणि तेथून त्याच्या लाइनीवरून स्थानिक कॉल म्हणून पुढे जायचा. आपला पी. पी. नंबरच की हा!

फरक एवढाच, की शेजारचे काका ओळखीचे असतात. अनोळखी माणसाने तुमच्या लाइनीवरून धमकी दिली, तर तपासात क्रमांक तुमचा दिसेल. भारतात इंटरनेट दूरध्वनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. पण इंटरनेटवरचे कॉल परवान्याशिवाय दूरध्वनीच्या जाळ्यात सोडणे हा गुन्हा आहे.

सगळेच एकदम आले तर?

वाटून घेण्याची ही सारी व्यवस्था एका गृहीतावर उभी आहे: सगळे एकाच वेळी मागणार नाहीत आणि एकाच वेळी निघूनही जाणार नाहीत. १६ ऑगस्ट २००७ रोजी हे गृहीत मोडले. विंडोजच्या दुरुस्तीनंतर जगभरातील असंख्य संगणक थोड्या वेळात बंद होऊन पुन्हा सुरू झाले. पत्ते सांगणारे संगणक कमी पडले, विचारणारे एकदम वाढले आणि स्काइप सुमारे दोन दिवस कोलमडले. पुढे पत्त्यांचे काम कंपनीच्या स्वतःच्या संगणकांकडे गेले. मे २०२५ मध्ये ती सेवाच बंद झाली.

आपल्या जिल्ह्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपाने हादरला. अशा वेळी प्रत्येक घरातून एकच प्रश्न निघतो, “आमची माणसे सुखरूप आहेत ना?” सारे एकदम फोन करतात, मार्ग भरतात आणि डॉक्टरला बोलावणारा कॉलही अडकतो. म्हणून संकटात कॉल अगदी थोडक्यात आटोपावा, किंवा लेखी संदेश पाठवावा. मार्ग भरलेला असला तरी संदेश केंद्रात थांबतो आणि वाट मोकळी होताच पुढे जातो.

वर्गात करून पाहा

३६ विद्यार्थ्यांनी एकेक फासा टाकावा. ज्यांना ६ पडेल त्यांना ‘फोन करायचा आहे’ असे समजून त्यांनी उभे राहावे. सरासरी ६ जण उभे राहतील. पण दर वेळी नेमके ६ नव्हे. १०० फेऱ्यांची नोंद ठेवा. ६ लाइनी सुमारे ४० फेऱ्यांत कमी पडतील, १० लाइनी दोन-तीन फेऱ्यांतच. मग फासे बाजूला ठेवा आणि शिक्षकांनी “भूकंप!” म्हणताच सर्वांनी उभे राहा. १० लाइनींना ३६ जण! पहिल्या लाइनी कोणाला द्यायच्या, ते वर्गात चर्चा करून ठरवा.