शाल एकाची, श्रम अनेकांचे

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमाला विवेकानंद जयंतीचा महोत्सव भरतो, तेव्हा हजारो माणसांच्या पंगती बसतात आणि पुरी व वांग्याची भाजी चक्क ट्रॅक्टरांतून वाढली जाते! शुकदास महाराजांनी उभारलेल्या या आश्रमाचे नाव सर्वतोमुखी झाले. पण पुऱ्या तळणाऱ्या आणि वाढणाऱ्या हातांची नावे कोणास ठाऊक?

सार्वजनिक कार्याच्या पारितोषिकांपुढे नेमका हाच पेच असतो. समाज-नेतृत्वाचे मॅगसेसे पारितोषिक १९५८ साली विनोबांना मिळाले. वाणी विनोबांची खरी; पण भूदानात जमिनी दिल्या त्या गावोगावच्या लोकांनी. १९७९ साली तोच मान जामखेडच्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याला लाभला. त्यांनी खेड्यातल्या, पुष्कळदा निरक्षर अशा बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले होते. २००८ साली हेमलकशाचे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे मानकरी ठरले. एकट्याऐवजी जोडीचा गौरव झाला, हे पुढचे पाऊल खरेच. तरी जोडीच्या मागे उभी असलेली माणसे चौकटीबाहेरच राहिली.

तेव्हा वाचकहो, आपल्या गावी एखाद्या संस्थेचा सत्कार ठरला, तर शाल खुशाल अध्यक्षांच्या खांद्यावर घाला. पण पहिल्या रांगेतल्या खुर्च्या मात्र वाढप्यांसाठी राखून ठेवा. पुढच्या वर्षी पंगत उठवायची आहे ती त्यांच्याच जिवावर!